पांढऱ्या भिंतींची वस्ती

१

मायाप्पा मंगळवारी दुपारी मेला आणि बुधवारी सकाळी त्याच्या मरणाचा अहवाल टाइप होऊन माझ्या टेबलावर येऊन पडला. सही तेवढी माझी बाकी. माणूस अजून दवाखान्याच्या थंड खोलीत, अंगठ्याला चिठ्ठी बांधलेली, आणि इकडे कागद गरमागरम. मला तिथंच पहिली शिसारी आली.

मी मंजुश्री बिरादार, बीदरची कारखाना निरीक्षक. वीस वर्षं झाली मी हेच बघतेय. माणूस यंत्रात सापडतो, भट्टीत पडतो, वरून कोसळतो, आणि दर वेळी मालक हात जोडून तेच सांगतो, "काय करणार मॅडम, प्यायला होता." माझ्या कपाटातल्या फायली खऱ्या मानल्या, तर या जिल्ह्यात शुद्धीवर कुणी मेलेलंच नाही.

अहवाल 'निर्मळवायू' नावाच्या कंपनीचा होता. नौबाद मागे टाकून जनवाड्याकडं निघालं की जांभ्या दगडाची एक जुनी खाण लागते. तिच्या कडेला दोन वर्षांपूर्वी ही कंपनी उभी राहिली. फ्रिज-एसीचा गॅस बनवणाऱ्या कारखान्यांतून एक टाकाऊ गॅस निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, पण हवेत सुटला की पृथ्वी तापवायला एक नंबर. तो टाक्यांतून इथं यायचा, विजेच्या जोरावर फोडला जायचा, आणि प्रत्येक टाकीमागं परदेशातून प्रमाणपत्र मिळायचं, जे विकलं की पैसे यायचे. फार पवित्र काम!

अहवालात लिहिलं होतं : 'कामगार मायाप्पा मद्यधुंद अवस्थेत यंत्रखोलीत शिरला. त्याने चुकीची झडप उघडली. आम्लाची वाफ श्वासात गेल्याने जागीच मृत्यू.'

मी पेनाचं टोपण काढलं तेवढ्यात दारातून आवाज आला, "सही करू नका, अक्का."

ती मायाप्पाची बायको होती, निलम्मा. पन्नाशीची, उन्हानं रापलेली धनगरीण. शिपाई तिला मागं ओढत होता आणि ती दाराची चौकट सोडायला तयार नव्हती.

"त्येनं बारा वर्सांमागं बिरोबापुढं हात ठिवून दारू सोडली," ती म्हणाली. "आता कंपनीवाले म्हनायलेत, पिऊन मेला. वस्तीतले पंच म्हनायलेत, बिरोबाची आन मोडली आसंल तर त्येला देवाच्या माळावर जागा न्हाई. त्येचा बाप तितं हाय, आज्जा तितं हाय. ह्येलाच कामून भायेर टाकायचं?"

"पंच कंपनीचं ऐकतात?"

"कंपनीचं न्हाई. ते म्हनायलेत, सरकारी कागद काय म्हनतो बगू. शुक्रवारपर्यंत मढं दवाखान्यात ठिवा म्हनले."

सरकारी कागद म्हणजे मीच. मी तिला बसायला सांगितलं. दवाखान्यानं दिलेली प्लास्टिकची पिशवी तिनं टेबलावर रिकामी केली. त्यात तंबाखूची चंची होती, मनगटी घड्याळ होतं, आणि एका पुडीत पांढऱ्या लोकरीचा झुपका.

"ही लोकर कसली?"

"त्येच्या मुठीत व्हती म्हनं. मूठ उगडंना म्हनून बोटं सरळ करून काडली."

मी घड्याळ उचललं. ते अजून चालू होतं. खिडकीच्या उजेडात मी त्याची काच तिरकी करून पाहिली, मग पदरानं पुसून पुन्हा पाहिली.

जे आम्ल या माणसाच्या छातीत गेलं म्हणून लिहिलं होतं, त्याचा एक गुण मला कॉलेजपासून पाठ आहे. ते काच खातं. नुसती वाफ लागली तरी काच दुधासारखी पांढुरकी होते. या घड्याळाची काच दुकानातून आणल्यासारखी स्वच्छ होती.

मी पेनाचं टोपण लावून टाकलं.

२

कंपनीत शिरताच केबिनमध्ये वेलचीचा चहा आला. टेबलावर प्लास्टिकची फुलं, भिंतीवर हिरवी पृथ्वी तळहातावर घेतलेल्या गोऱ्या पोराचं चित्र. कालच इथं माणूस मेला होता आणि आज फरशीवर गुलाबाच्या वासाचं फिनाइल मारलं होतं.

व्यवस्थापक मल्लिकार्जुन सोलापूरकडचा. इस्त्रीचा शर्ट आणि बोलणं मऊसूत.

"फार वाईट झालं मॅडम. मी तर हैदराबादला होतो, चारला पोचलो. बघतो तर रविकुमार रडतोय. गरीब माणसं, व्यसन सुटत नाही त्यांचं."

"त्यानं बारा वर्षांपूर्वी सोडली होती."

"असं घरचे म्हणतातच हो," तो हसला. "चहा घ्या ना."

मी चहा घेतला नाही. यंत्र दाखवायला त्यानं रविकुमारला बोलावलं. हा कंपनीचा केमिस्ट, वय जेमतेम सव्वीस, मायाप्पाच्याच वस्तीतला. त्या वस्तीतला पहिला बी.एस्सी. डोळे सुजलेले होते. त्यानं पाठ केल्यासारखं सांगितलं.

"गॅस ह्या नळीतून आत येतो मॅडम. आत विजेचा मारा करून प्लाझ्मा तयार करतो, म्हणजे वायूच पेटल्यासारखा चमकतो. पुढं ह्या जाळीवर कॅटॅलिस्टचा थर आहे. तो स्वतः झिजत नाही, पण फुटलेल्या गॅसचे तुकडे परत जुळू देत नाही. मग त्याचं आम्ल होतं. आम्ल चुन्याच्या पाण्यात सोडायचं. चुना ते खाऊन टाकतो, आणि खाली नुसता मेलेला गाळ उरतो."

"आणि बघायचं कुठून?"

"इथून," मल्लिकार्जुन पुढं झाला. "मॅडम, विसरलात? गेल्या वर्षी तुम्हीच तर इथून पाहिलं होतं."

विसरले नव्हते. यंत्राच्या पोटाला तळहाताएवढी गोल काच होती. गेल्या वर्षी मी तिथं डोळा लावला होता आणि आतला जांभळा उजेड बघून हरखले होते. नंतर मला शाल-नारळ मिळाला. शाल माझ्या कपाटात आहे अजून.

मी पुन्हा डोळा लावला. आत तोच जांभळा उजेड थरथरत होता, अगदी स्पष्ट. काचेच्या कडेचा एकेक दाणा दिसत होता.

"ही काच कितीदा बदललीत?"

"एकदाही नाही," मल्लिकार्जुन अभिमानानं म्हणाला. "पहिल्या दिवसापासून हीच. अस्सल परदेशी माल!"

रविकुमारनं मान खाली घातली. बी.एस्सी.ला मार्क चांगले असणार त्याला.

"दोन वर्षं आम्लात राहून काच अशी कोरी कशी राहिली?"

मल्लिकार्जुनचं हसू क्षणभर अडकलं, पण माणूस तयारीचा होता. "खास लेप आहे त्यावर. आणि मॅडम, शंका असेल तर चुना बघा ना. महिन्याला तीन ट्रक चुना येतो आणि तीन ट्रक गाळ बाहेर पडतो. यंत्रात आम्लच होत नसेल, तर एवढा चुना खातंय कोण?"

ट्रक खोटे नव्हते, मी स्वतः रस्त्यात एक पाहिला होता.

३

चुना पुरवायचा हणमंतराव. खाण त्याचीच, कंपनीची जागाही त्याचीच. जनवाड्यातलं बडं प्रस्थ. शेतातल्या शेडमध्ये खाटेवर पाय लांब करून बसला होता, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेले. खाटेखाली देशी दारूचं अख्खं खोकं, उघडंच.

"या मॅडम. उटता येईना मला, माफ करा. पायरी चडायची म्हनलं तर दोगं धरायला लागतेत."

"मायाप्पाशी तुमचं भांडण होतं म्हणे."

"व्हय, व्हतं की. त्येची मेंढरं माज्या तुरीत घुसायची. म्या शिव्या दिल्या, त्येनं बी दिल्या. शिव्या देऊन मानूस मरत आसता तर ह्या गावात कोन उरला आसता का?"

"त्याच्या अंगाला दारूचा वास होता. देशीचाच."

"आमच्याकडच्या बाटल्या सगळीकडंच जायलेत. कंपनीचा साहेब सुदिक नेतो. काल संध्याकाळी ड्रायवरला पाठवून एक मागितली. एरवी इंग्लिश पिनारा, म्या म्हनलं, आज देशी कामून?"

मी ते मनात ठेवलं. म्हाताऱ्याला सांगताना काही वाटलं नव्हतं, उलट साहेबाची गंमत सांगितल्यासारखा तो हसत होता. माणूस मेल्याच्या दिवसाची ही गंमत!

"चुन्याचा गाळ कुठं टाकता?"

"टाकायलाव कुटं? वस्तीतल्या बायकाच पाट्या भरून नेतेत. दसरा आला की घरं सारवायची, भिंती पांडऱ्या करायच्या. फुकटचा चुना कोन सोडतंय? न्हाई म्हनलं तर शिव्या खाव्या लागतेत."

मी तशीच वस्तीवर गेले. वीस-बावीस घरं, सगळी मातीची, आणि सगळ्यांच्या भिंती इतक्या पांढऱ्या की उन्हात डोळे मिटावेत. अंगणात निलम्मा बसली होती. तिच्या घराची एकच भिंत रंगवून झाली होती, दुसरीपाशी बादली आणि केरसुणी तशीच पडलेली.

मी पांढऱ्या भिंतीवर तळहात घासला. हाताला काही लागलं नाही. नखानं खरवडलं तर नख मोडायची वेळ आली.

"चुना चांगला धरलाय," मी म्हणाले.

"लई धरतो ह्यो," निलम्मा म्हणाली. "बाजारचा बी एवडा धरत न्हाई. पाण्यात हात घातला की आग व्हती बगा." तिनं हात दाखवले. बोटांची कातडी सोलली होती. "आन् मायाप्पा तर तंबाखूला ह्योच लावायचा. म्हनायचा, कडक हाय."

मी तिथंच ओट्यावर टेकले. आम्ल पिऊन मेलेला चुना धरत नाही. त्याची नुसती भुकटी होते, भिंतीवर लावली तर वाऱ्यानं उडून जाते, आणि पाण्यात घातला तर बोटांना कळतसुद्धा नाही. या वस्तीच्या सगळ्या भिंती सांगत होत्या की यंत्रातून निघालेला चुना जसा आत गेला तसाच बाहेर आला. तीन ट्रक आणायचे, पाण्यात कालवायचे, आणि मागच्या दारानं टाकून द्यायचे. त्या यंत्रानं गॅसचा एक फुगाही कधी फोडला नव्हता. आतला जांभळा उजेड साध्या हवेचा होता, माझ्यासारख्या शहाण्यांना दाखवायला.

आणि या बायका ते ढोंग पाट्या भरभरून आणून हौसेनं आपल्या भिंतींना लावत होत्या. थू!

पण मग दोन वर्षं टाक्या भरून आलेला गॅस गेला कुठं?

"निलम्मा, त्या दिवशी मेंढरं कुठं होती?"

"खाणीच्या अंगाला. दुपारच्याला मोजली तर एक कोकरू कमी. तेवा मायाप्पाची जेवायची सुटी झालती. ह्यो म्हनला, म्या बगतो. आन् त्यो गेला त्यो गेलाच."

"कोकरू सापडलं?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू एवढ्या सगळ्यात कोकराची चौकशी करणारी मी पहिलीच होते.

४

खाणीच्या तोंडाशी कंपनीनं पाटी लावली होती : 'साप आहेत. खाली उतरू नये.' कुंपणाखालून कंपनीचा एक काळा नळ येऊन खाणीच्या कडेला संपला होता. त्याचं तोंड कोरडं होतं.

खाण दोन पुरुष खोल, चौकोनी कापलेली, एका बाजूला पायऱ्या. तळाला लाल माती. मधोमध काहीतरी पांढरं पडलं होतं.

निलम्मा पायरीकडं धावली. मी तिचं मनगट इतक्या जोरात धरलं की तिच्या बांगड्या फुटल्या.

"सोडा अक्का, आपलंच कोकरू हाय ते!"

"माहीत आहे. म्हणूनच उतरायचं नाही."

वस्तीतून मी कंदील आणि दोरी मागवली. भर दुपारी कंदील कशाला म्हणून बाया बघत राहिल्या. पेटवलेला कंदील मी दोरीनं हळूहळू खाली सोडला. तळापासून कमरेएवढ्या उंचीवर पोचला आणि ज्योत विझली. फडफडलीसुद्धा नाही. वर ओढला, पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा तिथंच विझली.

"खाली हवाच नाही," मी म्हणाले. "हा गॅस हवेपेक्षा जड असतो. नळातून सोडला की पाण्यासारखा खाली साचून राहतो. उभा माणूस एखादवेळ वाचेल. खाली वाकला की संपला."

मग माझं लक्ष कोकराकडं नीट गेलं. कालचं मढं, फुगून तट्ट झालेलं, पण एकाही कुत्र्यानं, एकाही गिधाडानं तोंड लावलं नव्हतं. फक्त एक कावळा उतरला होता. तो कोकराच्या शेजारीच पंख पसरून पडला होता. मला उलटी आली. खाणीच्या कडेला बसून मी ती केली, आणि निलम्मानं माझी पाठ चोळली. नवरा तिचा मेला होता आणि पाठ ती माझी चोळत होती.

"त्येनं वाकूनच बगितलं आसनार," ती हळू म्हणाली. "आमच्यात कोकरू निपचित पडलं की गुडघ्यावर बसतेत, मांडीवर घेतेत, आन् त्येच्या नाकात फुंकतेत. जल्मताच मेल्यावानी पडलेली किती कोकरं त्येनं अशी जगवलीत."

दुसरं कुणी असतं तर वरूनच बघून परत फिरलं असतं. मायाप्पा खाली उतरला, गुडघ्यावर बसला आणि आपला श्वास कोकराला द्यायला वाकला. पुढचा श्वास घ्यायला तिथं हवा नव्हती.

म्हणजे तो खाणीत मेला होता. मग यंत्रखोलीत त्याला नेलं कुणी?

५

गुरुवारी सकाळी पोलीस ठाण्यातून मी त्या खोलीचे फोटो आणले. मायाप्पा उताणा पडलेला. धोतराच्या दोन्ही गुडघ्यांवर लाल माती, आणि खोलीची फरशी पांढरीशुभ्र. शेजारी रिकामी बाटली. अंगावर त्याची काळी घोंगडी.

खाणीत उतरून मढं वर आणायचं तर पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मुखवटा हवा. कंपनीत असा संच एकच, प्रयोगशाळेच्या कपाटात. तो रविकुमारला वापरता येत होता, मल्लिकार्जुनलाही येत असेल. हणमंतरावाला पायरी उतरता येत नव्हती, त्याला मी सोडलं. उरले दोघं.

वस्तीवर जाऊन फोटो मी निलम्मापुढं ठेवले. मला वाटलं होतं ती रडेल. तिनं एका फोटोवर बोट ठेवलं.

"ही घोंगडी कुनी घातली?"

"कंपनी म्हणते, तो स्वतःच पांघरून झोपला."

"पांगरून? चार पदरी घडी करून कोन पांगरतंय? आन् छातीवर ठिवलीया बगा, लाल काठ डोस्क्याकडं करून. आमच्या वस्तीत मेलेल्या मानसावर अशी ठिवतेत. जित्या मानसाच्या छातीवर आशी घडी ठिवत न्हाईत, अपशकून मानतेत." तिनं वर पाहिलं. "सोलापूरच्या साहेबाला ह्ये कोन शिकवलं?"

तिला उत्तर कळलं होतं. मला सांगायची गरज नव्हती. ती उठून बादलीपाशी गेली आणि कालवलेला सगळा चुना तिनं अंगणात उपडा केला.

रविकुमार प्रयोगशाळेत एकटाच होता. मी कपाट उघडायला लावलं. हवेच्या टाकीचा काटा निम्म्यावर आलेला. मुखवट्याच्या पट्ट्यात लाल माती.

"घोंगडी तू ठेवलीस," मी म्हणाले.

तो स्टुलावर बसला. आधी मराठीत बोलायचा प्रयत्न केला, मग कानडीत, मग पुन्हा मराठीत.

"माजा काका व्हता त्यो. सख्खा न्हाई, पन काकाच. मी बीदरला हॉस्टेलवर व्हतो तवा दर शनवारी भाकरी बांदून आनायचा. हितं कामाला बी मीच लावलं त्येला."

"झडप कोण उघडायचं?"

"मी. रोज एक वाजता, जेवायच्या सुटीत. साहेब म्हनले, यंत्रात गॅस घातला तर आम्लानं यंत्रच खाल्लं जाईल, नवं कोन आननार? नुसती हवा फिरव, उजेड दिसला म्हंजे झालं. काम गेलं तर दुसरं कुटं मिळतंय मॅडम? माज्यासंगतीचे सगळे हैदराबादला जाऊन पहारेकरी झालेत."

"आणि लोकांना काय सांगितलंस? साप?"

"व्हय. सापाला भिऊन कोन जानार न्हाई म्हनलं."

"धनगराला सापाची भीती घालतोस? तुझा आजा रानात साप उशाला घेऊन झोपला असेल! गॅस आहे, मरशील, एवढं सांगितलं असतंस तर?"

"सांगितलं आसतं तर समद्यांना कळलं आसतं."

हे तो अगदी सरळ म्हणाला. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि हात उचलवला नाही.

"दारू कुणी ओतली?"

"साहेबानं. त्येनी फोनवर सांगितलं तसं मीच काकाला खाणीतनं काडून यंत्रखोलीत आनलं व्हतं. चारला आले, बगितले, ड्रायवरला बाटली आनाय पाठवले. मी पाया पडलो. म्हनलं, काकानं बिरोबाची आन घेतलीया, दारू तेवडी नका ओतू. तर म्हनले, मग दुसरं काय ओतू, दूध?" त्यानं तोंड दाबून धरलं. "मग मी भायेर गेलो. परत आलो तवा घोंगडी ठिवली."

"म्हणजे माळावर त्याला जागा मिळणार नाही हे तुला ठाऊक होतं."

"व्हय."

बाहेर एकचा भोंगा झाला. सवयीनं त्याचा हात भिंतीवरच्या झडपेकडं गेला. तो आपल्याच हाताकडं बघत राहिला.

६

मल्लिकार्जुनला मी केबिनमध्येच गाठलं. पोलीस दाराबाहेर थांबले होते. काच, चुना, कंदील, बाटली, घोंगडी, सगळं एकामागून एक सांगितलं. शेवटी त्यानं ड्रॉवरमधून एक कागद काढून माझ्यापुढं सरकवला.

"छान तपास केलात मॅडम. आता हेही वाचा."

'यंत्र प्रत्यक्ष चालू स्थितीत पाहिले. वायूचे विघटन समाधानकारक.' खाली माझी सही, गेल्या वर्षीची, झोकदार.

"यंत्र खोटं म्हणालात तर ही सहीही खोटी. हिच्या जोरावरच तर दर महिन्याला टाक्या येत होत्या. अहवालात एवढंच लिहा की मायाप्पा खाणीत पाय घसरून पडला. दारू काढून टाका, माझी हरकत नाही. बाईचं काम होतंय, तुमची नोकरी राहतेय. पोलिसांचं मी बघतो."

खरं सांगते, मी क्षणभर विचार केला. निलम्माला हवं होतं तेवढं मिळत होतं. पण मग नळ तसाच राहिला असता, आणि उद्या एकला झडप उघडायला दुसरा रविकुमार मिळाला असता. आणि त्या माणसाची मला जेवढी किळस आली होती, त्याच्यापेक्षा जास्त किळस आली ती त्या झोकदार सहीची. गेल्या वर्षी मी काचेतून पाहिलं होतं, पण काचेकडं पाहिलं नव्हतं. जे आज मला मनगटी घड्याळावरून कळलं, ते तेव्हाही मला येत होतं. फक्त चहा बरा होता आणि उजेड छान होता.

मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि पोलिसांना आत बोलावून म्हणाले, "याला घ्या. आणि त्या पोराला पण."

शुक्रवारी सकाळी बिरोबाच्या माळावर वस्ती गोळा झाली होती. दवाखान्याची गाडी बाजूला उभी. मायाप्पाला अजून खाली उतरवलं नव्हतं. पंचांतला सगळ्यात म्हातारा म्हणाला, "वाचा बाई, सरकारी कागद काय म्हनतो ते."

मी वाचलं. "मायाप्पा दारू प्यायलेला नव्हता. मेल्यावर त्याच्या अंगावर दारू ओतण्यात आली. खाणीत कंपनीने सोडलेल्या गॅसमुळे, कोकराला वाचवताना त्याचा मृत्यू झाला." एवढ्यावर थांबता आलं असतं. मी पुढं वाचलं. "कंपनीचे यंत्र पहिल्या दिवसापासून खोटे होते. ते खरे असल्याचा दाखला गेल्या वर्षी मी दिला. तो मी यंत्राच्या काचेकडे नीट न पाहता दिला."

म्हाताऱ्यानं डोक्याचं मुंडासं काढलं आणि गाडीकडं हात केला. चौघांनी मायाप्पाला बापाच्या शेजारी नेलं. निलम्मानं घोंगडीची चार पदरी घडी केली आणि लाल काठ डोक्याकडं करून त्याच्या छातीवर ठेवली.

मग सगळ्यांनी एकेक करून माती टाकली. माझी पाळी आली तशी मी वाकले आणि मूठभर लाल माती उचलली.

"अक्का," निलम्मा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पदर नीट डोक्यावर होता. "तवाच त्या काचेकडं बगितलं आसतं, तर ह्यो आज मेंढरामागं आसता का?"

"हो," मी म्हणाले.

"मग तुमी ऱ्हाऊ द्या."

मी मूठ उघडली आणि माती जिथून उचलली होती तिथंच ठेवली.